बरे वाटणे मोजता येते का?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझे मामा गणिताचे शिक्षक. निवृत्त होऊन बराच काळ लोटलेला. हिपॅटायटिस 'बी'च्या विषाणूमुळे त्यांच्या यकृताला सिऱ्होसिस झाला होता. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचे आणि अहवाल डॉक्टरांना दाखवायचा, असा क्रम चालू होता. एकदा ते तपासणीहून परतले, फाइल माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "बघ गं, सगळे आकडे पास झालेत. मी मात्र नापास."

आकडे खरोखरच चांगले होते. पण मामा दुपारभर पेंगत आणि रात्री टक्क जागे असत. पायात गोळे येत. वर्तमानपत्रातले कोडे अर्ध्यावर टाकून देत. ज्यांनी आयुष्यभर पोरांकडून पाढे घोकून घेतले, त्यांच्याकडून दुधाचा हिशेब चुकू लागला होता आणि मामीने तो गुपचूप स्वतःकडे घेतला होता. मामा कोणत्या विषयात नापास झाले, हे त्या जाड फाइलमध्ये कोठेच लिहिलेले नव्हते.

आकडे खोटे नव्हते आणि मामाही खोटे बोलत नव्हते. मग दोघांचा मेळ का बसत नव्हता? मामा जे सांगत होते, तेही आकड्यांत मांडता येईल का? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे आहे. ते कसे, हे आपण या लेखात पाहू.

मुके इंद्रिय

प्रौढ माणसाचे यकृत साधारण सव्वा ते दीड किलो वजनाचे असते. अन्नातून आलेली साखर साठवणे, पित्त तयार करणे, रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन व रक्त गोठवणारी द्रव्ये बनवणे, विषारी अमोनियाचे युरियात रूपांतर करणे अशी कितीतरी कामे ते एकाच वेळी करते. शिवाय त्याच्याजवळ शिलकी क्षमता भरपूर असते. त्यामुळे बराचसा भाग निकामी झाला तरी उरलेला भाग काम ओढून नेतो. यकृताच्या आतल्या भागाला वेदनाही जाणवत नाहीत. म्हणून हे इंद्रिय वर्षानुवर्षे मुकाट्याने झिजत राहते.

ही झीज घडवणारी कारणे अनेक आहेत: हिपॅटायटिस 'बी' व 'सी' यांचे विषाणू, मद्य, यकृतात साठणारी चरबी, शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच स्वतःच्या पेशींवर केलेला हल्ला इत्यादी. कारण कोणतेही असो, इजा झालेल्या जागी व्रणाचे तंतू साठत जातात. यकृत निबर व गाठाळ होते. या अवस्थेला सिऱ्होसिस म्हणतात. असा रोगी महिना-दोन महिने नव्हे, तर दहा-वीस वर्षे आजारासोबत जगू शकतो. म्हणूनच 'किती वर्षे जगणार?' याबरोबर 'ती वर्षे कशी जाणार?' हा प्रश्नही येथे तितकाच महत्त्वाचा ठरतो.

डॉक्टरांची मोजपट्टी

सिऱ्होसिस किती पुढे गेला आहे, हे ठरवण्याची एक सोपी पद्धत जगभर वापरली जाते. चाइल्ड आणि टर्कॉट या शल्यचिकित्सकांनी ती १९६४ साली मांडली आणि १९७३ साली प्यू व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीत सुधारणा केली. तिच्यात पाच बाबी पाहतात: रक्तातील बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्यास लागणारा वेळ, पोटात साठलेले पाणी म्हणजे जलोदर, आणि मेंदूवर झालेला परिणाम. प्रत्येक बाबीला १ ते ३ गुण देतात. उदाहरणार्थ, बिलिरुबिन १०० मिलिलिटर रक्तद्रवात २ मिलिग्रॅमहून कमी असेल तर १ गुण, २ ते ३ असेल तर २ आणि ३ हून अधिक असेल तर ३. बेरीज ५ किंवा ६ आली तर रोगी 'अ' वर्गात, ७ ते ९ आली तर 'ब' वर्गात आणि १० ते १५ आली तर 'क' वर्गात. शाळेतल्या परीक्षेच्या उलट, येथे गुण जितके कमी तितके चांगले.

मामांचे गुण ५ होते, म्हणजे सर्वांत चांगले. ही मोजपट्टी उपयोगी आहे यात शंका नाही. शस्त्रक्रियेचा धोका किती, रोग किती पुढे गेला, याचा तिच्यावरून चांगला अंदाज येतो. पण तिची नीट पाहणी करा. पहिल्या तीन बाबी प्रयोगशाळेतून येतात. उरलेल्या दोन डॉक्टर तपासून ठरवतात. रोग्याने स्वतः सांगायचे असे तिच्यात काहीच नाही!

प्रश्न कोणी ठरवायचे?

आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे, तर शारीरिक, मानसिक आणि सामाजिक दृष्ट्या सुस्थितीत असणे, अशी व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या घटनेत केली. ही घटना १९४८ साली अमलात आली. व्याख्या सुंदर होती, पण ती मोजायची कशी? त्यासाठी पुढे प्रश्नावल्या तयार होऊ लागल्या. १९९२ साली प्रसिद्ध झालेली 'एस.एफ.-३६' ही ३६ प्रश्नांची प्रश्नावली त्यांपैकी फार प्रसिद्ध आहे. ती कोणत्याही आजाराच्या, किंबहुना निरोगी माणसालाही देता येते. त्यामुळे संधिवात आणि मधुमेह अशा वेगवेगळ्या आजारांची तुलना होऊ शकते. पण सर्वांसाठी शिवलेला सदरा कोणालाच नेमका बसत नाही, तसे येथे होते. अंगाला सुटणारी खाज, पायातले गोळे, मिठाचे पथ्य या यकृताच्या रोग्यांच्या खास तक्रारी अशा सर्वसाधारण प्रश्नावलीतून निसटतात.

ही उणीव भरून काढण्यासाठी झोबेर युनोसी, गॉर्डन गायट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली यकृताच्या जुनाट आजारासाठी एक खास प्रश्नावली प्रसिद्ध केली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'सी.एल.डी.क्यू.' म्हणतात. तिच्याइतकीच ती तयार करण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. संशोधकांनी टेबलाशी बसून मनाने प्रश्न काढले नाहीत. त्यांनी ६० रोग्यांना आणि २० तज्ज्ञांना विचारले, वैद्यकीय वाङ्मय चाळले आणि त्रासाच्या १५६ बाबींची यादी केली. मग ती यादी रोग्यांच्याच दुसऱ्या गटापुढे ठेवली: यांपैकी कोणता त्रास तुम्हांला होतो, आणि तो तुमच्या दृष्टीने किती महत्त्वाचा आहे? निम्म्याहून अधिक रोग्यांना महत्त्वाच्या वाटलेल्या बाबींतून अखेर २९ प्रश्न उरले. म्हणजे चाळणी रोग्यांच्या हाती होती.

गुणपत्रिका

हे २९ प्रश्न सहा विभागांत मोडतात: पोटाच्या तक्रारी (३ प्रश्न), थकवा (५), अंगदुखी, खाज, गोळे यांसारख्या इतर शारीरिक तक्रारी (५), हालचाल व खाणेपिणे (३), भावना व मनःस्थिती (८) आणि काळजी (५). प्रत्येक प्रश्न गेल्या दोन आठवड्यांविषयी असतो. हा त्रास तुम्हांला किती वेळ झाला, असे विचारायचे आणि सात पर्यायांतून उत्तर घ्यायचे. 'सदासर्वकाळ' असे उत्तर आले तर १ गुण, 'कधीच नाही' असे आले तर ७. उत्तराची अशी पायऱ्यापायऱ्यांची पट्टी वापरण्याची कल्पना रेन्सिस लिकर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली मांडली होती.

आता एक काल्पनिक उदाहरण सोडवू. एका रोग्याची विभागवार बेरीज अशी आली: पोट १८, थकवा १५, शारीरिक तक्रारी २५, हालचाल १५, भावना ३२, काळजी ११. प्रत्येक बेरजेला त्या विभागातील प्रश्नसंख्येने भागले की सरासरी मिळते: ६.०, ३.०, ५.०, ५.०, ४.० आणि २.२. या सहा सरासऱ्यांची सरासरी ४.२ येते. हा झाला एकूण गुणांक.

येथे हुशार विद्यार्थी विचारील, सगळ्या २९ उत्तरांची सरळ सरासरी का काढू नये? ती काढली तर ११६ भागिले २९, म्हणजे ४.० येते. हा फरक का पडला? सरळ सरासरीत आठ प्रश्नांच्या भावना-विभागाला तीन प्रश्नांच्या पोट-विभागाहून जास्त वजन मिळते. विभागांच्या सरासरीत सहाही विभाग समान मानले जातात. कोणत्या गोष्टीला किती वजन द्यायचे, हा निर्णय असा सूत्रातच दडलेला असतो. तो सोडवणाऱ्याला दिसला पाहिजे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ४.२ हा आकडा मध्यम वाटतो. पण त्याच्या पोटात काळजीचा २.२ हा आकडा लपलेला आहे. या रोग्याचे पोट ठीक आहे, मात्र तो जवळजवळ सतत धास्तीत जगतो आहे. एकूण टक्केवारीवर समाधान मानून विषयवार गुण न पाहणारा पालक जी चूक करतो, तीच येथेही होऊ शकते.

मोजपट्टीचीच परीक्षा

'किती थकलात?' याचे उत्तर म्हणजे मनाचा खेळ, त्यात शास्त्र कसले, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याला उत्तर असे, की कोणत्याही मोजपट्टीला लावतो त्याच कसोट्या येथेही लावाव्यात. बी.एड. झालेल्या वाचकांना या कसोट्या परिचित आहेत.

पहिली विश्वसनीयता. परिस्थिती बदललेली नसताना पुन्हा मोजले तर उत्तर साधारण तेच आले पाहिजे. दुसरी सप्रमाणता. जे मोजायचे म्हणतो, तेच मोजले जाते ना? विज्ञानाच्या पेपरात अक्षर पाहून गुण दिले, तर सगळे परीक्षक कदाचित सारखेच गुण देतील. मोजमाप विश्वसनीय होईल, पण सप्रमाण होणार नाही. सी.एल.डी.क्यू.च्या चाचणीत १३३ रोगी होते. सिऱ्होसिस नसलेल्यांचे गुण सर्वांत चांगले, 'अ' वर्गातील रोग्यांचे त्याहून कमी आणि 'ब' व 'क' वर्गांतील रोग्यांचे आणखी कमी, अशी उतरण दिसून आली. म्हणजे प्रश्नावलीचा वास्तवाशी संबंध होता.

तिसरी कसोटी संवेदनशीलतेची. फरक पडला तर तो दिसला पाहिजे. पण किती फरक पडला म्हणजे 'फरक' म्हणायचा? सात पायऱ्यांच्या पट्टीवर सरासरी ३.० वरून ३.१ झाली तर रोग्याला काही जाणवते का? १९८९ साली गायट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदय व फुप्फुसांच्या जुनाट आजारांचे रोगी घेऊन याचा शोध घेतला. तुम्हांला स्वतःला बरे वाटते आहे का, हे रोग्यांना विचारले आणि ते उत्तर गुणांतील बदलाशी ताडून पाहिले. रोग्याला जाणवणारा लहानात लहान बदल प्रत्येक प्रश्नामागे सुमारे ०.५ गुणाचा असतो, असे आढळले. येथेही अखेरचा निवाडा रोग्याचाच.

आकड्यांनी काय दाखवले

अशी मोजमापे सुरू झाल्यावर काही समजुतींना धक्के बसले.

यकृतातील सूक्ष्म पित्तनलिका हळूहळू नष्ट करणारा 'पी.बी.सी.' नावाचा एक आजार आहे. तो मुख्यतः स्त्रियांत आढळतो. या रुग्णांना कमालीचा थकवा येतो आणि खाज सुटते. आजार जितका पुढे गेलेला तितका थकवा जास्त, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात थकव्याचा आणि यकृताच्या बिघाडाचा तसा सरळ संबंध आढळला नाही. यकृत बऱ्यापैकी चांगले असलेली स्त्रीही थकव्याने अंथरुणाला खिळलेली असू शकते. 'रिपोर्ट चांगला आहे, मग थकवा कसला?' असे घरचे म्हणतात तेव्हा ते तिच्यावर अन्याय करतात, हे या आकड्यांनी दाखवून दिले. २००५ साली इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथील संशोधकांनी या आजारासाठी ४० प्रश्नांची वेगळी प्रश्नावलीच तयार केली.

दुसरे उदाहरण हिपॅटायटिस 'सी'चे. १९९९ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. विषाणूची लागण झालेल्यांपैकी काहींना ते ठाऊक होते, काहींना नव्हते. ज्यांना ठाऊक होते त्यांचे जीवनमान न जाणणाऱ्यांपेक्षा खालावलेले आढळले. म्हणजे विषाणूबरोबर रोगाचे नावही माणसाला आजारी पाडते. याचा अर्थ निदान लपवावे असा नव्हे, ते सांगताना धीर आणि माहितीही द्यावी असा आहे. याच आजारावर पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने देत. त्यांनी ताप व नैराश्य येई आणि उपचार चालू असताना जीवनमान घसरे. २०१३ च्या अखेरीस सोफोस्बुव्हिर हे औषध बाजारात आले आणि नुसत्या गोळ्यांचे उपचार शक्य झाले. नव्या औषधांचा हा फायदा केवळ विषाणू मोजून दिसला नसता. तो प्रश्नावल्यांनी दाखवला.

तिसरे उदाहरण आपल्या देशातले, चंडीगढच्या पी.जी.आय. संस्थेतले. यकृत दुबळे झाले की आतड्यातील जीवाणूंनी तयार केलेला अमोनिया पुरेसा निकामी होत नाही आणि मेंदूपर्यंत पोचतो. बाधा तीव्र असेल तर रोगी बरळतो, बेशुद्धही होतो. पण सौम्य बाधा वरवर दिसत नाही. झोपेचे चक्र उलटते, लक्ष लागत नाही, हिशेब चुकतात. ती ओळखण्यासाठी १ ते २५ पर्यंतचे विखुरलेले अंक क्रमाने जोडायला लावतात आणि वेळ मोजतात. येथील संशोधकांनी अशा ६१ रोग्यांचे दोन गट केले. एका गटाला तीन महिने लॅक्टुलोज दिले, दुसऱ्याला दिले नाही. हा साखरेसारखा पदार्थ मोठ्या आतड्यात आम्लता वाढवतो. अमोनियाचे रूपांतर रक्तात सहज न शिरणाऱ्या अमोनियम आयनात होते आणि तो शौचावाटे निघून जातो. १३६ विधानांच्या एका प्रश्नावलीने या रोग्यांचे जीवनमान मोजले गेले. लॅक्टुलोज घेणाऱ्यांची बुद्धीची कामे सुधारली आणि त्याबरोबर जीवनमानही सुधारले. हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला.

भाषा बदलली की प्रश्नही बदलतो

रक्तातील बिलिरुबिन मराठीत आणि इंग्रजीत सारखेच असते. प्रश्नावलीचे तसे नाही. थकवा, अशक्तपणा, ग्लानी, कंटाळा हे शब्द आपल्याकडे एकमेकांच्या हद्दीत शिरतात. 'उदास वाटते का?' याला खेड्यातली वृद्ध स्त्री 'नाही' म्हणेल, पण 'जीव लागत नाही' हे लगेच सांगेल. म्हणून भाषांतर करताना एकाने मराठी करायचे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने त्याचे पुन्हा इंग्रजी करायचे आणि दोन्ही इंग्रजी मजकूर ताडून पाहायचे, अशी रीत आहे. त्यानंतर रोग्यांवर चाचणी घेऊन सर्व कसोट्या पुन्हा लावाव्या लागतात. अंक न वाचता येणाऱ्यांचे काय? त्यांच्यासाठी भारतीय संशोधकांनी १९९५ साली अंकांऐवजी चित्रे जोडण्याची चाचणी मांडली.

काही प्रश्न तर शब्द बदलूनही पुरे पडत नाहीत. गरज पडल्यास आपल्याला यकृत मिळेल का, याची काळजी वाटते का, असा सी.एल.डी.क्यू.मधील एक प्रश्न आहे. भारतात बहुतेक यकृत-प्रत्यारोपणांत यकृताचा तुकडा घरातलेच कोणीतरी देते. येथे रोग्याला घोर लागतो तो मुलाच्या किंवा पत्नीच्या पोटावर पडणाऱ्या सुरीचा आणि त्यासाठी विकाव्या लागणाऱ्या जमिनीचा. 'यकृताचा आजार? म्हणजे पीत असणार' ही शेजाऱ्यांची कुजबूजही त्या २९ प्रश्नांत नाही. आयुष्यात मद्याला स्पर्श न केलेल्या माझ्या मामांना ती कुजबूज गोळ्यांपेक्षा जास्त छळत असे. आपल्या रोग्यांसाठी चाळणी आपल्याच रोग्यांच्या हाती द्यावी लागेल, ती यासाठी.

या मोजमापाला मर्यादाही आहेत. माणूस दुखण्याला सरावतो आणि त्याची 'बरे'ची व्याख्याच खाली सरकते. रोग तोच असूनही गुण वाढतात. घरचे लोक शेजारी बसून त्याच्या वतीने उत्तरे देतात, हा आपल्याकडचा नेहमीचा अनुभव. ती उत्तरे त्यांच्या दृष्टीने खरी असली तरी रोग्याची नसतात.

वर्गात करून पाहा

हा विषय दहावी-बारावीच्या मुलांना रुग्णालयाशिवायही शिकवता येईल. 'दप्तराचा त्रास' मोजणारी प्रश्नावली त्यांना करू द्या. आधी पन्नास मुलांना काय काय त्रास होतो ते विचारून यादी करा, मग दुसऱ्या पन्नास जणांकडून ती चाळून घ्या आणि दहा प्रश्न ठेवा. आठवड्याने तीच प्रश्नावली पुन्हा द्या. दोन वेळचे गुण जुळतात का? जड दप्तरवाल्यांचे आणि हलक्या दप्तरवाल्यांचे गुण वेगळे येतात का? दप्तर काट्यावर तोलले तर त्या वजनाशी त्रासाचा किती मेळ बसतो? मेळ पूर्ण बसला नाही तर मुलांना त्याची कारणे शोधायला सांगा. घर किती लांब, रस्ता चढाचा की सपाट, हे त्यांचे त्यांनाच सुचेल.

आता पुन्हा मामांकडे. मी त्यांना ते २९ प्रश्न एकेक करून मराठीत समजावून विचारले. शास्त्राच्या दृष्टीने ते मोजमाप नव्हतेच. चाचणी न झालेले भाषांतर, आणि विचारणारी त्यांची भाची! गुण मात्र त्यांनी स्वतः काढले, प्रत्येक भागाकार दोनदा तपासून. पेंग, रात्रीची झोप आणि एकाग्रता या प्रश्नांवर ते १ आणि २ च्या पुढे गेले नाहीत. "हे डॉक्टरांना का सांगितले नाहीत?" असे मी विचारले, तर म्हणाले, "त्यांनी पोटाचे विचारले. मी पोटाचे सांगितले."

तो कागद घेऊन ते पुढच्या तपासणीला गेले. डॉक्टरांनी तो वाचला, अंक जोडण्याची चाचणी घेतली आणि लॅक्टुलोज सुरू केले. दोन महिन्यांनी रक्ताचा अहवाल आला. त्यात फारसा बदल नव्हता. दुधाचा हिशेब मात्र मामांनी मामीकडून परत घेतला होता.